अनेरकाठची विमलअक्का

विमलअक्काचा उजवा गाल डाव्या गालाहून सावळा होता. पहिल्यांदा तिला पाहिले तेव्हा वाटले, कुठल्या तरी झाडाची सावली चेहऱ्यावर पडली असावी. पण ती भर उन्हात उभी होती आणि जवळपास झाड नव्हते. तो रंग नदीने दिलेला होता. अनेर सातपुड्यातून उतरते आणि दक्षिणेला तापीकडे जाते. अक्का सकाळी तिच्या काठाने उत्तरेला चढायची आणि दुपार कलली की दक्षिणेला उतरायची. त्यामुळे जाताना उगवतीचे ऊन उजव्या गालावर आणि येताना मावळतीचेही त्याच गालावर. वर्षानुवर्षांच्या त्या येण्याजाण्यात ऊन एकाच बाजूला साचत गेले होते. डावा गाल मात्र तरुण राहिला होता, किंचित फिकट, घरात मागे थांबलेल्या माणसासारखा.

ऐंशीचे दशक तेव्हा निम्मे सरले होते. परिचारिकेचे शिक्षण पुरे करून मी सांगलीकडून चोपडा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर रुजू झाले, तेव्हा मला बाविसावे लागले होते. उपकेंद्र म्हणजे एक कडुनिंब, पत्र्याचे छप्पर, औषधांचे कुरकुरणारे कपाट आणि मागे राहायला दोन खोल्या. एकीत अक्का, दुसरीत मी. दक्षिणेला केळीच्या बागांचा ओला हिरवा अंधार आणि उत्तरेला दिवसभर रंग बदलणारा डोंगर. आमचे काम त्या डोंगरातल्या पावरा आदिवासी वस्त्यांवर होते: बाळंतपणे, लसी, तापाच्या गोळ्या. आषाढ लागला की बैलगाडीची वाट चिखलात बुडायची आणि मग दिवाळीपर्यंत नदीचा काठ एवढीच वाट उरायची. काठाने चालायचे, कडा आडवा आला की पाणी ओलांडायचे, पलीकडच्या काठाने चालायचे, पुन्हा ओलांडायचे. एका फेरीत पाच-सहा वेळा. नदीचा पूर्वेचा काठ जळगाव जिल्ह्यात, पश्चिमेचा धुळ्यात. ओले पाय पलीकडच्या वाळूवर टेकले की अक्का म्हणायची, "आते आपन धुळ्यामा उनूत." आम्ही धुळ्यात आलो, एवढीच बातमी, पण तिच्या मितभाषी आयुष्यातला तो एकमेव विनोद होता आणि ती तो दर फेरीला, तितक्याच गंभीर चेहऱ्याने करायची.

मी कृष्णेकाठची. मला पोहता येत होते आणि त्याचा गर्वही होता. पहिल्याच दिवशी मी तो बोलून दाखवला, तेव्हा अक्काने माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, "पोहनाराले नदी पहिले नेस." पोहणाऱ्यालाच नदी आधी नेते. मला ते म्हातारपणाचे बोलणे वाटले. ती तेव्हा जेमतेम चव्वेचाळीस वर्षांची होती.

निघण्याआधी तिची तयारी चाले, ती एखाद्या मंद पूजेसारखी. डोक्याहून हातभर उंच वेळूची काठी, टोकाला लोखंडी टोपण. काठीवर तीन ठिकाणी तांबडा दोरा गुंडाळलेला: घोटा, गुडघा, अर्धी मांडी. तिसऱ्या दोऱ्याला पाणी लागले की मागे फिरायचे, मग पलीकडे कुणी का हाका मारेना. पायांत टायरच्या चपला, टाचेमागून पट्टा आवळलेला, कारण शेवाळलेल्या गोट्यांवर अनवाणी पाय आंधळा असतो असे ती म्हणे. वाळक्या दुधीचे दोन पोकळ भोपळे सुती जाळीत घालून प्रत्येकीने छातीशी बांधायचे. त्यांचे बंद सुरगाठीचे, एका हिसक्यात सुटणारे. खांद्यावरच्या लसीच्या डब्याचा पट्टाही पाण्यात शिरण्याआधी सैल करायचा. काडेपेटी डबीत, डबीवर मेण. गुळाचा खडा, भाजलेले शेंगदाणे. गळ्यात काळ्या दोऱ्यात पितळी शिट्टी आणि शिट्टीशेजारी बोटभर लांबीचा मिटता चाकू. शिट्टीची भाषा तिने मला पहिल्या आठवड्यात पाठ करून घेतली: एक म्हणजे ये, दोन म्हणजे थांब, तीन लांब म्हणजे पाणी सोड आणि जो काठ जवळ असेल त्यावर चढ. चाकू कशाला, हे मात्र तिने सांगितले नाही.

आणि दोर. साठ हातांचा अंबाडीचा दोर ती रोज सकाळी बोटांतून फिरवून पाहायची, झिजलेला भाग सापडतो का म्हणून. जपमाळ ओढणाऱ्या हातांत असते तशी त्या हातांत एकाग्रता असे. उताराशी, म्हणजे पाणी ओलांडायच्या जागेशी, पोचलो की दोराचे एक टोक घेऊन ती आधी एकटी पलीकडे जायची. काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकलेली, तोंड पाण्याकडे, आडवी पावले, एक पाय रुतल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. पलीकडच्या झाडाला अर्धा वेढा देऊन ते टोक ती हातात धरी आणि मग शिट्टी वाजवी. माझ्या हातात दुसरे टोक. "दोर हातमा धर. कमरले बांधू नको," हे वाक्य ती प्रत्येक उतारावर, प्रत्येक वेळी उच्चारायची. मी ते ऐकून कंटाळले होते. मंत्र फार ऐकला की त्यातला अर्थ झिजतो, नाद तेवढा उरतो.

तिच्याजवळ नकाशा होता, पण छापलेला नव्हे. जुन्या लसीकरण तक्त्यांच्या पाठीवर तिने नदी काढून ठेवली होती, दर वर्षीची वेगळी, कारण प्रत्येक पुरानंतर नदी आपली कूस बदलायची. गेल्या साली गुडघाभर असलेला उतार यंदा डोह झालेला असायचा. कुठे पाणी पसरट होऊन खडखडते, म्हणजे उथळ. कुठे मुके आणि गुळगुळीत वाहते, म्हणजे खोल. कुठल्या अर्जुनाच्या कितव्या फांदीला मागच्या पुराचे गवत आणि काटक्या अजून लटकून आहेत, म्हणजे त्याच्या वर चढल्याशिवाय विसावायचे नाही. अरुंद जागा पाहून मोह धरू नये, रुंद जागा शोधावी. ती चालता चालता हे काठीने दाखवायची, तोंडाने क्वचितच. तिच्या मागे चालताना मला टिटवीचा ओरडा, लव्हाळ्यांची सळसळ, टायरच्या चपलांचा दबका चुरचुराट ऐकू येई. त्या सगळ्या आवाजांच्या मधोमध ती स्वतः एक शांत जागा होती.

त्या शांततेला मी एकटेपण म्हणायला उशिरा शिकले. आरंभी मला माझ्याच एकटेपणाचे अप्रूप होते: अनोळखी बोली, आठवड्याने येणारे आईचे पत्र, संध्याकाळी पत्र्यावर उतरणारी ऊब आणि तिच्याबरोबर उतरणारी हुरहुर. अक्का भिंतीपलीकडे असायची. तिच्या स्टोचा आवाज यायचा, मग भाकरी थापल्याचा, मग एका ताटाचा. पौर्णिमेला ती बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची आणि ती विझेपर्यंत समोर बसून राहायची. त्या तसबिरीखाली एक फोटो होता: जाड चौकटीचा चष्मा, खिशाला पेन, फोटो काढताना हसू की नको अशा पेचात पडलेला एक सज्जन चेहरा. एकदा मी विचारले, "हे कोण, अक्का?"

"घरचे."

"काय झालं त्यांना?"

"पानी," ती म्हणाली आणि मेणबत्तीची वात चिमटीने सरळ केली.

गावात विचारले तर लोक आदराने सांगायचे. मधुकरराव, धुळ्याला टपाल खात्यात कारकून. दर रविवारी बायकोला भेटायला यायचे. एका भादव्यात नदी ओलांडताना पाय घसरला आणि गेले. पण बाई काय ती! शेवटपर्यंत दोर सोडला नाही तिने. हात सोलून निघाले, रक्त गळत होते, तरी सोडला नाही. पतीला धरून ठेवावे तर असे. म्हाताऱ्या बायका लेकीसुनांना तिचे उदाहरण द्यायच्या. ती रस्त्याने जाऊ लागली की ओट्यावरचे बोलणे थांबे आणि अक्का आपली मान खाली घालून, पावले जरा भरभर टाकत पुढे निघून जाई. मला वाटे, ही विनयाने अवघडते.

तिने कधीही कुणाचा हात धरला नाही, हेही मला हळूहळू दिसले. चढणीवर मी हात पुढे केला की ती काठीचे टोक पुढे करायची. बाळंतिणीच्या पोटावर, तापलेल्या कपाळावर तिचे हात निःशंक फिरत. पण निरोगी, चालत्याबोलत्या माणसाचा हात समोर आला की तिची बोटे मिटत.

माझा दुसरा पावसाळा संपत आला होता. भादव्याची अखेर, आकाश धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखे स्वच्छ. वरच्या एका पाड्यावर गोवराची साथ होती म्हणून आम्ही भल्या सकाळी चढलो होतो. जातानाच दुसऱ्या उतारावर माझा पाय एका गोट्यावरून सरकला, दोर हातातून भसकन ओढला गेला आणि उजव्या तळव्याची साल निघाली. मी पाण्यात पडले नाही, पण पोहणारीचा गर्व त्या क्षणी पडला. दिवसभर पोरांना टोचताना, त्यांच्या आयांना समजावताना तळवा ठणकत राहिला. अक्काने त्यावर जांभळे औषध लावून पट्टी बांधली.

"धराले जमी ना?" तिने विचारले.

"जमेल की," मी म्हणाले. नाही म्हणाले असते तर आम्ही त्या दिवशी पाड्यावरच थांबलो असतो. एवढ्या साध्या शब्दावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे तेव्हा कळत नाही.

परतताना शेवटचा उतार, धुळ्याकडून जळगावकडे. दुपारचे तीन वाजले असावेत. अक्काने तिच्या सवयीप्रमाणे पाण्याच्या कडेला एक चपटा दगड ठेवला आणि आम्ही बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले. दगड कोरडाच राहिला, पाणी वाढत नव्हते. तिने डोंगराकडे पाहिले. उत्तरेच्या रांगेवर शाईचा एक डाग होता, फार दूर. ती जरा घुटमळली, मग काठीने तळ चाचपत पाण्यात शिरली. पाणी दुसऱ्या दोऱ्यापर्यंत, गुडघाभर. ती सुखरूप पलीकडे पोचली, अर्जुनाला अर्धा वेढा घातला, आणि शिट्टी वाजली: एक.

मी दोराचे टोक उचलले आणि मूठ आवळली. तळव्यातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. बोटे मिटेनात. पलीकडे अक्का वाट पाहत होती. माझ्या आणि तिच्यामध्ये लव्हाळ्यांचा पडदा होता. मी मागे वळले, दोर कमरेभोवती दोनदा गुंडाळला, निरगाठ मारली, वर ओला पदर ओढून घेतला. मला आठवते, ती गाठ आवळताना केवढे सुरक्षित वाटले होते. कुणीतरी आपल्याला धरून आहे, आता आपण सुटणार नाही, असे त्या परक्या मुलखात दीड वर्षात पहिल्यांदाच वाटले.

पाण्यात आठ-दहा पावले गेले असेन, तेव्हा पायाखालचा तळ दिसेनासा झाला. पाणी चहासारखे गढूळ झाले होते आणि त्यावरून सागाची हिरवी पाने, फेस, काटक्या येत होत्या. ओल्या मातीचा उग्र वास आला. शिट्टी वाजली: लांब, लांब, लांब. जो काठ जवळ असेल त्यावर चढ. जवळचा काठ माझ्या मागे होता. पण दोर समोर जात होता, आणि मी दोरावर विश्वास ठेवून पुढे निघाले.

पाणी मांडीला लागले आणि पाय सुटले.

दोर ताठ झाला आणि कमरेत कुऱ्हाडीचा घाव बसावा तशी मी मध्ये दुमडले. प्रवाह पाठीवर चढला. वर येण्यासाठी जेवढी धडपड करावी तेवढी मी खाली दाबली जाऊ लागले. छातीवरचे भोपळे वर ओढत होते, दोर धरून ठेवत होता आणि या दोन मायांच्या मध्ये माझे नाकतोंड पाण्याखाली होते. कृष्णेत शिकलेले सगळे हात मारून झाले. एकदा, फक्त एकदा डोके वर आले, आणि पाण्याच्या पडद्यातून मला अक्का दिसली: अर्जुनाला पाठ लावून उभी, दोन्ही हातांत दोर, डोळे माझ्या कमरेकडे. तिला गाठ दिसली होती. तिच्या तोंडातून आवाज फुटला, ती हाक नव्हती, तो शब्द नव्हता. मग तिने हात उघडले.

अर्धा वेढा झाडावरून सर्रकन निसटला. माझ्या कमरेचा ताण एकाएकी नाहीसा झाला आणि मला एवढेच कळले की तिने मला सोडले. त्या क्षणाइतकी एकटी मी त्यापूर्वी नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही. पण भोपळ्यांनी मला वर आणले. तोंडात हवा शिरली. तिने शंभरदा घोकून घेतलेले आठवले, पाठीवर हो, पाय पुढे कर, आणि मी तशी वाहत गेले. गोटे टाचांना ठोकरत होते, मागे सुटलेला दोर शेपटीसारखा लांबत होता. तो कुठे खडकात अडकला असता तर ही आठवण लिहायला मी उरले नसते. पुढे नदी वळते तिथे आतल्या अंगाला वाळूगोट्यांचा एक दांडा होता. पाण्याने मला तिथे आणून टाकले, ओझे उतरवून ठेवावे तसे.

अक्का काठाने धावत आली होती. चपलेचा एक पट्टा तुटून लोंबत होता. तिने मला काखेत हात घालून दांड्यावरून वर ओढले, दरडीवर, त्याच्याही वर, लटकत्या गवताच्या फांदीपेक्षा उंच. मग गळ्यातला चाकू उघडला. निरगाठ पाण्याने दगड झाली होती. तिने ती सोडवून पाहण्याचा प्रयत्नही केला नाही. पाते खाली घालून दोर कापला. कापताना माझ्या कमरेवर एक बारीक ओरखडा उठला. थोड्याच वेळात खरा लोंढा आला. आम्ही उतरलो होतो तो उतार, मी लागले होते तो दांडा, सगळे त्या तपकिरी गर्जनेखाली गेले.

मला वाटले ती रागावेल. मी म्हणाले, "अक्का, हात दुखत होता म्हणून बांधला. चुकलं माझं."

ती नदीकडे पाहत बसली होती. मग ती बोलू लागली आणि मी दचकले, कारण ती अहिराणीत बोलत नव्हती. अहवाल लिहितो त्या मराठीत, एकेक वाक्य वेगळे ठेवत बोलत होती. जणू आपल्या भाषेत ते सांगणे तिला सोसले नसते.

"सहा वर्षं झाली. रविवार होता. यांना पाण्याची भीती वाटायची. हाच उतार. मी म्हटलं, घाबरू नका, दोर बांधते. कमरेला निरगाठ मारली. दोनदा ओढून पाहिली. मग मी पुढे आले आणि दोर धरला. मधोमध त्यांचा पाय गेला."

मी कमरेवरचा कापलेला दोर बाजूला सारला.

"मी ओढत राहिले. जितकी ओढत होते, तितके ते खाली जात होते. हे मला नंतर समजलं. तेव्हा वाटलं, सोडला तर जातील. म्हणून सोडला नाही." तिने आपले तळवे उलटे करून मांडीवर ठेवले. दोन्हींवर आडवे पांढरे वण होते. ते मी रोज पाहत होते आणि रोज मला ते कामाचे घट्टे वाटले होते. "सोडला असता तर या वळणावर लागले असते. आज तू लागलीस तसे."

"तुम्हाला माहीत नव्हतं, अक्का."

"नव्हतं. पण लोक अजून म्हणतात, बाईनं शेवटपर्यंत सोडला नाही. काय सांगू त्यांना?"

तेव्हा मला तिची खाली घातलेली मान समजली, भरभर उचललेली पावले समजली. माणसे तिला ज्या गोष्टीसाठी वंदन करीत होती, तीच गोष्ट तिला जाळत होती. दोषाला निदान प्रायश्चित्त तरी असते, कौतुकाला उत्तर नसते. गावभर पसरलेल्या त्या आदरात ती सहा वर्षे एकटी राहत होती.

मी तिचा हात धरला. तिची बोटे मिटली, सवयीने. मग हळूहळू उघडली. उन्हे उतरेपर्यंत आम्ही तशाच बसलो आणि नंतर डोंगराच्या धारेने चालत, नदीला हात न लावता, उपकेंद्रावर परतलो.

त्यानंतर ती बदलली, असे लिहायला मला आवडले असते. ती पूर्वीसारखीच चालत राहिली, पूर्वीसारखीच बोलली. नवा दोर आला, रोज सकाळी बोटांतून फिरू लागला. मात्र काही महिन्यांनी धुळ्याला दोन्ही जिल्ह्यांच्या नव्या परिचारिकांचे शिबिर होते, आणि नदीकाठाने फिरती करणाऱ्यांना कुणीतरी चार गोष्टी सांगाव्यात असे पत्र आले. मी अक्काला न विचारता तिचे नाव कळवले. वाटले, नकार देईल. तिने पत्र वाचले, घडी घातली आणि म्हणाली, "जासू मी."

त्या सभागृहात चाळीसेक मुली बसल्या होत्या, वहीपेन सरसावून, कंटाळण्याच्या तयारीत. अक्काने काठी दाखवली, भोपळे दाखवले, शिट्टी वाजवली, मुली हसल्या. मग तिने खिडकीच्या पडद्याची दोरी सोडवून आणली, टेबलाच्या पायाला अर्धा वेढा घातला आणि दुसरे टोक हातात धरून उभी राहिली. मागल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, हातातून सुटला तर? कमरेला बांधला तर बरं ना?"

अक्काने दोरीचे टोक टेबलावर ठेवले. मग ती बोलली, आणि या वेळी आपल्या भाषेत बोलली.

"मन्हा घरना मानूस मन्हा हातनी गाठमा गया. मीच बांधेल व्हती. लोके म्हंतस, बाईनी दोर सोडा नही. सोडाले पाहिजे व्हता, बहीन. सोडाले पाहिजे व्हता."

ज्या मुलींना अहिराणी येत नव्हती त्यांनाही ते समजले. कुणी वहीत काही लिहिले नाही. ती विचारणारी मुलगी उठून उभी राहिली होती, का ते तिलाही कळले नसावे. शेवटी तिनेच विचारले, "मग तुम्हाला अजून पाण्यात उतरायची भीती नाही वाटत?"

"वाटस," अक्का म्हणाली. "रोज वाटस."

ही गोष्ट मुलींबरोबर वस्त्यावस्त्यांत गेली आणि फिरून आमच्या गावात पोचली. काही म्हाताऱ्या बायका अक्काशी बोलेनाशा झाल्या. उदाहरण मोडले गेल्याचा राग असतो माणसांना. पण ओट्यासमोरून जाताना तिची मान आता सरळ असे आणि पावले सावकाश. कौतुक गेले आणि त्याबरोबर काहीतरी ओझेही गेले. एकटेपण राहिले, पण ते आता तिचे स्वतःचे होते, लोकांनी घडवून दिलेले नव्हे.

माझी बदली जळगावला झाली. निघताना तिने मला कागदाची एक गुंडाळी दिली: त्या वर्षीची अनेर, तक्त्याच्या पाठीवर काढलेली. पुढल्या पावसाळ्यात तो नकाशा निरुपयोगी होणार, हे तिलाही ठाऊक होते. नव्वदीच्या मध्यावर उताराच्या थोडे खाली पूल झाला, वस्त्यांपर्यंत खडीचा रस्ता गेला, जीप जाऊ लागली. अक्का निवृत्त होऊन धुळ्याला सासरच्या घरी राहायला गेली. मी दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदा जायचे ठरवत राहिले. एका पौषात तिच्या पुतण्याचे पत्र आले, माझ्या जुन्या पत्त्यावर फिरून, तीन आठवडे उशिरा. शेवटी थोडा ताप आला होता, त्याने लिहिले होते, काही त्रास झाला नाही.

त्या चैत्रात मी एसटीने त्या पुलावरून गेले. खाली वाळू पांढरी पडली होती. शेजारी बसलेल्या बाईने खिडकीबाहेर पाहत विचारले, "ही कोनती नदी शे, बाई?" मी म्हणाले, "अनेर." आणखी बरेच सांगायचे होते, पण ती "हां" म्हणून दुसरीकडे पाहू लागली आणि तोवर पूल संपला होता.

आता मी त्या दुपारच्या अक्काहून कितीतरी मोठी आहे. गेलेली माणसे आपल्या आठवणीत ज्या वयाची असतात तिथेच थांबतात, आणि आपण नकळत त्यांना मागे टाकून पुढे येतो. मग कधी वळून पाहावे तर ज्यांच्या आधाराने आपण चाललो ती आपल्याहून लहान दिसतात, जराशी भेदरलेली, फार एकटी, आणि त्यांना धीराचा एक शब्द द्यावा असे वाटते तेव्हा मधला काळ इतका रुंद झालेला असतो की आपला आवाज अर्ध्यातच विरून जातो.